पेशीची वेस

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलीच्या विज्ञानाच्या वहीत ‘पेशीपटल’ असा शब्द असतो. शेजारच्या घरातला कन्नड माध्यमातला मुलगा तशाच आकृतीखाली ‘कोशपोरे’ लिहितो. ‘पोरे’ म्हणजे सापाची कात, किंवा उतारवयात डोळ्यांवर येणारा पडदा. मराठीतल्या ‘पटला’चा भावही याहून फार निराळा नाही. दोन्ही भाषांनी या वस्तूविषयी एकच कल्पना करून घेतली : आत काहीतरी मोलाचे आहे आणि त्यावर एक पातळ, निर्जीव पापुद्रा आहे. आकृतीतही तसेच दिसते. केंद्रकाला रंग, हरितलवकांना रंग, आणि सगळ्यांभोवती पेन्सिलीची एक रेघ.

या रेघेचा इतिहास मोठा विलक्षण आहे. तिचे अस्तित्व शास्त्रज्ञांनी जवळजवळ शंभर वर्षे न पाहताच मानले. तिचा ठाव लावणाऱ्यांत वाइनचा एक व्यापारी होता, आईवडिलांची शुश्रूषा करीत घरात राहिलेली एक अविवाहित बाई होती, लहान मुलांचा एक डॉक्टर होता. आणि ती रेघ अखेर उलगडली तेव्हा तो पापुद्रा नव्हे, जुन्या गावाला असे तशी वेस निघाली. वेशीला दरवाजा असतो, वेसकर असतो, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे याचा हिशोब असतो. हा हिशोब बिघडला तर धडधाकट माणूस एका दिवसात मरतो. त्याची हकीकत पुढे येईलच.

बहुतेक पुस्तके सुरुवात रॉबर्ट हूकपासून करतात. १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने बुचाच्या पातळ कापाचे चित्र छापले आणि त्यातल्या खणांना ‘सेल’, म्हणजे कोठडी, असे नाव दिले. पण हूकने पाहिल्या त्या भिंती. झाडाच्या मेलेल्या पेशींच्या जाड भिंती. पेशीभित्तिका आणि पेशीपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्राण्यांच्या पेशींना भिंत नसतेच. पुढची दोनशे वर्षे हा घोळ चालू राहिला. भिंत डोळ्यांना दिसे म्हणून ती खरी. तिच्या आतल्या अंगाला आणखी काही असेल असे फारसे कोणाला वाटत नसे. १८६१ साली माक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञाने तर स्पष्टच मांडले, की पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा. तिला वेगळे आवरण असलेच पाहिजे असे नाही.

त्याविरुद्धचा पुरावा मात्र स्वयंपाकघरात पडलेला होता. कच्च्या बिटाची फोड धुऊन थंड पाण्यात ठेवा. पाणी फारसे रंगत नाही. तीच फोड उकळा; पाणी लालभडक. बीट तेच, रंग तोच, पेशीच्या भिंतीही बऱ्याचशा जागच्या जागी. मग उकळल्याने तुटले काय? याच जातीच्या निरीक्षणांवरून कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५५ साली असे अनुमान काढले, की जिवंत पेशीत भिंतीच्या आत, जीवद्रव्याच्या कडेला, रंगद्रव्यांना अडवणारे काहीतरी असते आणि पेशीला इजा झाली की ते निकामी होते.

दुसरा पुरावा कोशिंबिरीचा. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ह्यूगो द फ्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने हाच प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी खारट पाण्यात ठेवली की भिंत आपल्या जागी राही आणि आतला जिवंत भाग भिंतीपासून सुटून फुग्यासारखा आक्रसत जाई. वेळेवर गोड्या पाण्यात ठेवली तर तो पुन्हा फुगून भिंतीला टेकत असे. म्हणजे पाणी जात-येत होते, मीठ सहजासहजी आत शिरत नव्हते. पाण्याला वाट आणि मिठाला अटकाव करणारी कड तिथे असलीच पाहिजे.

अशी कड कृत्रिम रीतीने बनवून दाखवली ती मोरिट्स ट्राउबे याने. याचा वडिलोपार्जित धंदा वाइनचा. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात तो रसायनशास्त्र करी. १८६७ साली त्याने तांब्याच्या एका क्षारापासून पाण्यात पातळ पडदे तयार केले. त्यांतून पाणी पार होई, साखर होत नसे. पुढे विल्हेल्म फेफर याने तोच पडदा मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या अंगात बसवला, भांड्यात साखरेचे पाणी भरले आणि भांडे साध्या पाण्यात ठेवले. बाहेरचे पाणी आत घुसू लागले आणि त्याचा दाब फेफरने मोजला. शेकडा एक साखरेच्या द्रावणाने सुमारे सात मीटर उंच पाण्याचा स्तंभ उचलून धरता येईल एवढा तो दाब होता. १८७७ साली त्याचा ग्रंथ निघाला. जिवंत पेशीलाही असाच एक पडदा असतो, असे फेफरने त्यात ठामपणे सांगितले. पडदा दिसला कोणालाच नव्हता. त्याने उचललेले पाणी मात्र मोजपट्टीवर दिसत होते.

तो पडदा कशाचा? या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन या इंग्रज गृहस्थाने झ्युरिकमध्ये बसून शोधले. त्याला खरे तर वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी पेशीत सहज शिरतील अशी द्रव्ये हवी होती. तो एकेक द्रव्य घेऊन पाहू लागला आणि पाहता पाहता काही शेकडे द्रव्ये झाली. अपेक्षा अशी होती, की पेशी पाण्याने भरलेली आहे, तेव्हा पाण्यात चांगले विरघळणारे द्रव्य आत चटकन जावे. झाले उलटे. साखर पाण्यात उत्तम विरघळते, ती दारातच अडे. ईथर, क्लोरोफॉर्म, अल्कोहोल बघता बघता आत. जे तेलात विरघळते त्याला वाट मिळते, हा नियम ओव्हरटनने १८९०च्या दशकात मांडला आणि त्यावरून पेशीची कड स्निग्ध असली पाहिजे, कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन यांसारख्या द्रव्यांची असली पाहिजे, असे सांगितले. शस्त्रक्रियेपूर्वी हुंगवली जाणारी गुंगीची औषधेही तेलात जितकी जास्त विरघळतात तितकी जास्त प्रभावी ठरतात, हेही त्याच्याच ध्यानात आले. शंभरावर वर्षे झाली, त्या गुंगीचे पूर्ण स्पष्टीकरण अजून चालूच आहे. असो.

स्निग्ध, हे कळले. पण तो थर किती जाड, आणि त्यातले रेणू उभे की आडवे, एक थर की अनेक? याचे उत्तर मिळायचे होते ते पेशीशी काही संबंध नसलेल्या एका चौकशीतून : पाण्यावर तेल किती पातळ पसरते? त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे, लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यावर जावे लागते.

बेंजामिन फ्रँकलिन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा तोच फ्रँकलिन, त्यापूर्वी काही वर्षे लंडनमध्ये होता. वाऱ्याने लाटा उठलेल्या तळ्यात त्याने चमचाभर तेल ओतले. तेल पसरत पसरत तळ्याच्या मोठ्या भागावर गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हे त्याने १७७४ साली छापलेल्या लेखात लिहिले आणि तेवढ्यावर थांबला. त्याने एक भागाकार केला असता तर? चमचाभर तेल म्हणजे चार-पाच घन सेंटिमीटर. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, दोन हजार चौरस मीटर. भागिले, की तेलाच्या थराची जाडी येते दोन-अडीच नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही जाडी जवळजवळ एका रेणूच्या लांबीइतकी आहे. रेणू किती मोठा असतो हे कळण्याचा धागा वीस गुंठ्यांवर पसरून पडला होता. तो उचलला लॉर्ड रेले याने, १८९० साली. त्याने मोठ्या टबात तोलून घेतलेले तेल सोडले आणि थराची जाडी १.६ नॅनोमीटर काढली.

आता त्या अविवाहित बाईंकडे येऊ. मला या सबंध इतिहासात सर्वांत जवळच्या वाटतात त्या आग्नेस पोकेल्स. जन्म १८६२चा, व्हेनिसचा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. प्रकृती बिघडल्याने नोकरी सोडून कुटुंब जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे येऊन राहिले. आग्नेस मुलींच्या शाळेत शिकल्या. त्या काळी त्यांना विद्यापीठाचा दरवाजा बंद होता. धाकटा भाऊ फ्रीडरिश ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. बहीण घरी राहिली, दुखणाईत आईवडिलांचे करीत, भांडी घाशीत. भांडी धुताना पाण्यावर तवंग येतो, साबण पडला की तो फाटतो, पुन्हा जुळतो. हे रोजच पाहणाऱ्या बायका जगात कोट्यवधी. आग्नेसनी ते मोजायचे ठरवले. वय तेव्हा अठरा-वीस.

साधने घरचीच. पत्र्याचे ७० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पन्हळ. त्यात काठोकाठ पाणी. वर आडवी टाकलेली पत्र्याची पट्टी, पुढेमागे सरकवता येणारी. पाण्याला टेकवलेली एक बारीक चकती, आणि ती उचलायला किती जोर लागतो हे पाहायला औषधे तोलायचा छोटा काटा. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तवंग दाटीवाटीने गोळा होई. त्यांच्या ध्यानात असे आले, की पट्टी बरीच सरकवली तरी पृष्ठताणात काही फरक पडत नाही; मात्र तवंगाला एका ठरावीक क्षेत्रापेक्षा कमी जागा उरली, की तो झपाट्याने घटू लागतो. म्हणजे त्या क्षणी रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले असतात. याहून दाटी सोसत नाही. पाण्याचा पृष्ठभाग पट्टीने निपटून स्वच्छ करण्याची रीत त्यांचीच. तेल बेंझिनमध्ये विरघळवून थेंबाने सोडायचे, बेंझिन उडून जाते आणि तेल मागे राहते, ही युक्तीही त्यांनी वापरली.

दहा वर्षे हे काम घरात पडून होते. रेले याच विषयावर काम करतो आहे हे समजल्यावर १८९१च्या जानेवारीत त्यांनी त्याला जर्मनमध्ये पत्र लिहिले. रेलेने जे केले ते त्याच्या मोठेपणाला शोभणारे होते. हे काम माझ्याही पुढचे आहे असे ओळखून त्याने त्या पत्राचे इंग्रजी भाषांतर ‘नेचर’ साप्ताहिकाला पाठवले आणि एका अनोळखी बाईंनी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत अशी शिफारस सोबत जोडली. १२ मार्च १८९१ रोजी ते छापून आले. पुढे तशाच पन्हळात सुधारणा करून अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्युर याने १९१७ साली दाखवून दिले, की तेलातल्या आम्लांचे रेणू पाण्यावर आडवे पडत नाहीत. डोके पाण्यात आणि शेपटी वर हवेत, असे उभे राहतात. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा रेणू समजायला जड जाऊ नये. लँगम्युरला १९३२चे नोबेल मिळाले. पन्हळाला नाव त्याचेच पडले. त्याच १९३२ साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तीन वर्षांनी त्या वारल्या.

ही पन्हळ पेशीच्या उपयोगी आणली लायडनच्या एव्हर्ट गॉर्टर या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याचा सहकारी ग्रेंडेल याने. १९२५ सालची गोष्ट. त्यांची कल्पना साधी होती. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, आतले पडदेही नसतात. तेव्हा तिच्यात जो मेद सापडेल तो सगळा बाहेरच्या आवरणाचा. माणूस, कुत्रा, ससा, मेंढी, शेळी, गिनीपिग यांच्या रक्तपेशी मोजून घ्यायच्या, अ‍ॅसिटोनने त्यांतला मेद काढायचा, तो पन्हळात पाण्यावर एकेरी थराने पसरायचा आणि किती जागा व्यापतो ते पाहायचे. तो व्यापत होता पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट जागा. अर्थात आवरण दुहेरी होते : मेदरेणूंचे दोन थर, शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर पाण्याकडे. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. दोन्हीकडे डोकी वळवून उभे राहायचे तर दुसरी रचना संभवत नाही.

इथवर पाठ्यपुस्तकांतही असते. त्यांत नसते ते असे, की गॉर्टर आणि ग्रेंडेल यांची दोन्ही मापे चुकली होती. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघत नाही. बराचसा मागे राहतो. आणि रक्तपेशींचे क्षेत्रफळ त्यांनी काचेवर सुकलेल्या पेशींवरून काढले, ते खऱ्यापेक्षा बरेच कमी आले. वर मेद कमी, खाली क्षेत्रफळ कमी; भागाकार आला दोन! १९६६ साली हा प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला गेला तेव्हा हा योगायोग उघड झाला. दोन चुकांनी एकमेकींना सावरले आणि उत्तर बरोबर आले. गणिताचे मास्तर अशा उत्तराला गुण देत नाहीत. निसर्गाने मात्र दिले, कारण कल्पना मुळात बरोबर होती. मला वाटते, हा प्रयोग नशिबाचा म्हणून हिणवण्यापेक्षा त्यातली रक्तपेशीची निवड पाहावी. नशीब मापांत होते. निवडीत शहाणपण होते.

त्याच १९२५ साली अमेरिकेत ह्यूगो फ्रिके याने रक्तपेशींच्या आवरणाची विद्युतधारिता मोजून जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच वेशीपाशी पोचली होती, पण एकमेकांना हाक मारायला काही वर्षे लागली.

यापुढची तीस वर्षे मी थोडक्यात सांगतो. त्या काळी एका चित्राने शास्त्रज्ञांचे मन इतके भरून टाकले, की चित्राबाहेरचे दिसेनासे झाले. १९३५ साली डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी मेदाच्या दुहेरी थरावर दोन्ही बाजूंनी प्रथिनांचे अस्तर चढवले. दोन पोळ्यांच्या मध्ये तुपाचा थर असावा तसे. पेशीचा पृष्ठताण तेलापेक्षा फार कमी येतो, त्याचे कारण प्रथिने असावीत असा त्यांचा तर्क होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड रॉबर्टसन याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आवरण प्रथमच नीट दाखवले. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन काळ्या रेघा, मध्ये पांढरी पट्टी, सगळे मिळून सुमारे साडेसात नॅनोमीटर. ज्याला नुसते मानले होते ते एकदाचे दिसले. पण चित्र आधीच मनात असल्याने काळ्या रेघा म्हणजे प्रथिनांचे अस्तर, असेच सगळ्यांनी वाचले. १९६६ साली डॅनिएल ब्रँटन याने दाखवले, की गोठवून फोडलेले आवरण दोन थरांच्या मधोमध उकलते. त्या उकललेल्या पृष्ठभागावर ठिपके दिसत. अस्तर बाहेरून असेल तर आतल्या भागात हे काय? ती होती मेदात रुतलेली, कित्येकदा आरपार गेलेली प्रथिने.

आणि ती जागची हलतही होती. १९७० साली अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी यांना एका विषाणूच्या मदतीने एकत्र जोडले. उंदराच्या प्रथिनांना एका रंगाची चमकणारी खूण, माणसाच्या प्रथिनांना दुसऱ्या. जोडल्याबरोबर अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. शरीराच्या तापमानाला चाळीस मिनिटे ठेवली आणि दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. थंड ठेवली तर नाही मिसळले, तुपासारखेच. १९७२च्या फेब्रुवारीत सिंगर आणि निकोल्सन यांनी ‘सायन्स’ या पत्रिकेत ही सगळी निरीक्षणे एका चित्रात बसवली : मेदाचे दुहेरी, पातळ तळे आणि त्यात तरंगणारी प्रथिने, काही अर्धी बुडालेली, काही आरपार. पाठ्यपुस्तकांतली आजची आकृती ती हीच.

ही आरपार गेलेली प्रथिने म्हणजेच वेशीचे दरवाजे. त्यांतला एक दरवाजा डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ याला खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत १९५७ साली सापडला. स्कोऊ मूळचा डॉक्टर. त्याला सापडलेले प्रथिन एका खेपेला सोडियमचे तीन आयन बाहेर ढकलते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते. हे चढावर पाणी चढवण्यासारखे काम आहे, त्याला इंधन लागते. ते इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. १९२९ साली तो हुडकणाऱ्यांत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आपण स्वस्थ पडून असतानाही अंगातली ऊर्जा जी खर्च होते तिचा पाचवा ते चौथा हिस्सा हा एकटा पंप खातो. एका ‘निर्जीव पापुद्र्या’वर इतका खर्च! स्कोऊला याबद्दल १९९७चे नोबेल मिळाले, शोधानंतर चाळीस वर्षांनी.

पाण्याचा दरवाजा सापडायला आणखी उशीर झाला. पाणी मेदाच्या थरातून थोडेथोडे झिरपते हे खरे, पण मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि दीड-दोन लिटर वगळता सगळे परत घेतात. तेवढ्या उलाढालीला झिरपणे पुरत नाही. पीटर अ‍ॅग्रे हा रक्तगटाचे एक प्रथिन शोधीत असता त्याच्या नमुन्यात एक नको असलेले प्रथिन पुनःपुन्हा येऊ लागले. ते काढून टाकण्याऐवजी त्याने त्याचा पाठपुरावा केला. १९९२ साली ते प्रथिन बेडकाच्या अंड्यांत घडवून अंडी साध्या पाण्यात सोडली. नेहमीची अंडी जशीच्या तशी राहिली, ही फुगून फुटली. ‘अ‍ॅक्वापोरिन’ नावाच्या या दरवाजातून एका सेकंदात अब्जावधी पाण्याचे रेणू जातात आणि दुसरे काही जात नाही. त्याला २००३ साली नोबेल मिळाले.

आता पटकीकडे वळू. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडायचा, ही आपल्या खेड्यांतली जुनी रीत. रोग वेशीतून आला, त्याला वेशीबाहेर घालवावा, ही त्यामागची समजूत. डॉक्टरांची समजूतही बराच काळ चुकीचीच होती. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात त्यावरून त्यांना वाटे, की आतड्याचे अस्तरच कातेसारखे गळून पडत असावे. १९६०च्या सुमारास रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा अस्तर शाबूत आढळले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५९ साली, कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले होते, की जंतू नव्हे तर जंतूने सोडलेले विष हा सगळा अनर्थ करते. वेस पडत नाही. वेशीचा एक दरवाजा उघडाच राहतो. त्या विषाने आतड्याच्या पेशींतला क्लोराइडचा दरवाजा मिटेनासा होतो. क्लोराइडमागे सोडियम जाते, क्षारांमागे पाणी. तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते.

पण दुसरा एक दरवाजा विषाला बळी पडत नाही. १९६० साली प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन याने असे मांडले, की आतड्याच्या पेशी साखर घेतात ती सोडियमच्या जोडीने. दोघे एकाच दरवाजाने आत जातात. दोघे आत गेले की पाणीही मागोमाग जाते. नुसते मिठाचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णाला उपयोग होत नसे, तो याचमुळे. त्यात साखर पडली की तो दरवाजा उघडतो. ढाक्क्यात १९६८ साली रुग्णांवर हे सिद्धही झाले. तरीही मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास शिरेतून देण्याच्या सलाइनवरच होता. तोंडाने पाजायचे साखरमीठ हा त्यांना आजीबाईचा बटवा वाटे.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. इस्पितळात खाटा दोन दालनांपुरत्या. माणसे जमिनीवर, घाणीत पडलेली. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. कलकत्त्याहून आलेले डॉक्टर दिलीप महालनाबिस यांनी निर्णय घेतला. दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. मिश्रण पिंपांत कालवले आणि ते पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला. त्याआधी शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने सोडियम आणि साखर जोडीने आत जातात हा शोध शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असे म्हटले. तो विशेष दरवाजा असलेले प्रथिन मात्र १९८७ साली हाती लागले. तोवर त्याच्या भरवशावर लाखो पोरे वाचून गेली होती. महालनाबिस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी, मरणोत्तर, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

घरी हे पाणी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. पोराला बरे वाटावे म्हणून साखर वाढवण्याचा मोह अनेक आयांना होतो, तो टाळावा. दरवाजाला झेपेल त्याहून जास्त साखर आतड्यात पडून राहिली, तर तिथे फेफरच्या भांड्याचा नियम लागू होतो आणि ती साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली आपल्या पुडीतले ग्लुकोज लिटरमागे २० ग्रॅमवरून साडेतेरा ग्रॅमवर आणले, मीठ साडेतीनवरून २.६ ग्रॅमवर. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीवर बारीक अक्षरांत आज जे आकडे छापलेले असतात, ते हेच.